गाडी खोलली आणि मी अडकलो : जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या कामात झालेली फसवणूक

२०२४ च्या जुलैत आमच्या उसाच्या बांधाला जीप रुतली. काळी माती, दोन दिवसांचा पाऊस, मागची दोन्ही चाकं जागेवर नुसती फिरत होती. मी पुढच्या ओढीचा, म्हणजे पुढची चाकंही इंजिनला जोडणारा फोर बाय फोरचा लिव्हर टाकला, दुसरा लिव्हर लोमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये घेतला, हळूहळू क्लच सोडला तरी गाडी इंचभर हलेना. शेजारी वडील बसलेले, वय ७६. त्यांनी बाहेर वाकून पुढच्या चाकाकडं बघितलं आणि म्हणाले, "पुढची चाकं फिरतच न्हाईत रे. हिला पुढनं ओढच न्हाई." वडील साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते, ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याची जीप त्यांच्याकडं असायची, त्यामुळं ते बोलले म्हणजे विषय संपला. ट्रॅक्टर बोलावला, टोचन करून गाडी बाहेर काढली, आणि दुसऱ्या दिवशी कराडला एका ओळखीच्या मिस्त्रीकडं पुढच्या ॲक्सलचं कव्हर खोललं. आत पिनियन, म्हणजे ओढ आत आणणारा छोटा दातेरी गिअर होता, बाकी काहीच नव्हतं. पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा क्राऊन गिअर नाही, ओढ दोन्ही चाकांत वाटणारं डिफरन्शियल नाही, चाकांपर्यंत जाणारे दोन्ही हाफ शाफ्ट काढलेले. पिनियन ठेवला होता म्हणून खालून बघितलं तर इंजिनाकडून ओढ आणणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट जोडलेला दिसायचा. ज्यानं हे केलं त्याला मी तोपर्यंत २ लाख ९५ हजार रुपये दिलेले होते.

कोणी जुनी महिंद्रा, विलीज, सीजे थ्रीबी वगैरे जीप घेऊन कमी पैशात उभी करायच्या विचारात असेल तर त्यांनी हे पूर्ण वाचावं, कारण मी गाडी घेताना फार फसलो नाही, गाडी खोलल्यावर फसलो.

गाडी घेतली डिसेंबर २०२२ मध्ये, १ लाख ८५ हजाराला. एमएम ५४०, १९९१ ची, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. एजंटनं तीन गोष्टी सांगितल्या. गाडी आर्मी डिस्पोजलची आहे, व्हिंटेजमध्ये पासिंग होतं, आणि पत्रा ओरिजिनल आहे. तिन्ही खोट्या, आणि त्यातल्या दोन तर घरबसल्या कळण्यासारख्या होत्या. लष्कराची गाडी लष्करात असेपर्यंत तिला आरटीओचा नंबर नसतो, लिलावात विकल्यावर नोंदणी होते, म्हणजे बनल्याचं साल आणि नोंदणीची तारीख यात बरीच वर्षं जातात आणि लिलावाचे कागद असतात. माझ्या आरसीत बनल्याचं आणि नोंदणीचं साल एकच होतं. व्हिंटेजचं म्हणाल तर २०२१ च्या नियमाप्रमाणं ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज धरतात, तिला नंबरात व्हीए येतं आणि ती रोजच्या वापराला चालवताच येत नाही. १९९१ ची गाडी त्यात बसायला अजून बराच काळ आहे. ती आपली साधी जुनी गाडी, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या चारचाकीला नूतनीकरणाची फीच १० हजार झालीय. बजेट मांडताना हे कोणी धरत नाही.

पत्र्याचं मात्र मला कळायला हवं होतं. नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी. तीस वर्षं खारा वारा खाल्लेली गाडी. वरून नवा हिरवा रंग, आत सगळी लांबी, म्हणजे भरायची पुट्टी. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवला तरी कळतं, जिथं धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी आहे. पण जीपचा गंज वर नसतोच, तो सीटखालच्या टूलबॉक्समध्ये, मॅटखालच्या फ्लोअरमध्ये, फ्लोअरला खालून जे आडवे चॅनल असतात त्यात, बॉडी चॅसीवर बसते त्या बोल्टांपाशी आणि चॅसीच्या मागच्या आडव्या पट्टीला, म्हणजे क्रॉस मेंबरला असतो. स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपायचं आणि टोचून बघायचं. विकणारा तयार होत नसेल तर उठून निघायचं. मी चांगल्या कपड्यात गेलो होतो, झोपलो नाही. पण एक काम नशिबानं केलं, त्या दिवशी मोबाईलनं खालून आणि बाजूनं चाळीसेक फोटो काढले, पुढं तेच कामाला आले.

एवढं असूनही गंज निघणार हे मी धरलेलंच होतं, म्हणून १ लाख ८५ ही किंमत मला मान्य होती. आरसीवरचा चॅसी नंबर, इंजिन नंबर जुळला, बोजा नव्हता, नोंदणी २०२६ पर्यंत होती. एकूण साडेचार लाखात गाडी उभी करायची असा हिशोब. मी दूध संघात हिशोबाचंच काम करतो, एवढे पैसे साठवायला मला सहा वर्षं लागली होती.

मग गॅरेज. कोल्हापूरच्या बाजूचं, नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे. मोबाईलमध्ये पन्नास जीपांचे आधीचे-नंतरचे फोटो, बोलायला एकदम गोड. "दादा, २ लाख ४० मध्ये नटापासून बोल्टापर्यंत करून देतो, वडिलांना गाडीत बसवूनच न्या." मी वडिलांच्या कारखान्याच्या जीपच्या दिवसांचं त्याला आधी सांगितलं होतं, तेच त्यानं धरलं. ८० हजार ॲडव्हान्स दिला, त्यातले ५० हजार कॅश कारण "पत्रा उद्याच उचलायचाय". कामाची लेखी यादी असलेलं जॉब कार्ड नाही, कोटेशन व्हॉट्सॲपवर एका ओळीत.

चौथ्या दिवशी फोटो आला. बॉडी बाजूला, इंजिन खाली, गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी ट्रान्सफर केस, दोन्ही ॲक्सल वेगळे, बोल्ट डब्यात. मला त्या दिवशी आनंद झाला होता, की बघा काम किती फास्ट आहे. आज सांगतो, ज्या दिवशी तुमची गाडी पूर्ण सुटी होते त्या दिवशी तुमच्या हातातलं सगळं जातं. गाडी चालत असते तोवर तुम्ही किल्ली मागू शकता. सुटी झालेली गाडी न्यायला टेम्पो लागतो, दुसरा मिस्त्री दुसऱ्यानं खोललेलं काम सहसा घेत नाही, आणि कुठला पार्ट कुणाच्या गाडीचा हे सांगता येत नाही. गॅरेजवाल्यालाही हे माहीत असतं, म्हणून खोलायची एवढी घाई.

आठवड्यानं व्हिडिओ आला, चॅसी गेलीय, सेकंडहँड चॅसी टाकावी लागेल, ४५ हजार. व्हिडिओत मागचा क्रॉस मेंबर हातानं मोडत होता. मी घाबरलो. म्हटलं, नंबरचं काय? तर म्हणे, "आपला नंबर त्याच्यावर पंच करून देतो, सगळेच करत्यात, आरटीओला कळत पण न्हाई." इथं मी नाही म्हटलं, आणि या सगळ्या प्रकरणात मी बरोबर वागलो ती हीच एक जागा. दुसऱ्या चॅसीवर आपला नंबर पंच करणं म्हणजे गुन्हा आहे, ती चॅसी चोरीच्या गाडीची असू शकते, आणि पकडली गेली तर आरसीवर नाव तुमचं आहे, मिस्त्रीचं नाही. कोणी कितीही सांगू दे, हे करू नका. बदलायचंच झालं तर आधी आरटीओची परवानगी, इंजिन बदलायचं असलं तरी तेच. मी म्हटलं माझीच चॅसी दुरुस्त कर. तर लगेच ४५ चे १८ हजार झाले आणि "प्लेटिंग मारून मजबूत करतो" म्हणाला. जी चॅसी काल हातानं मोडत होती ती १८ हजारात मजबूत कशी होते हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. खूप नंतर मी घेतानाचे फोटो लावून बघितले, व्हिडिओतल्या क्रॉस मेंबरला टो हुकाची चार भोकं होती, माझ्या गाडीला कधीच नव्हती. दुसऱ्याच गाडीची चॅसी दाखवली होती.

बॉडीचे ९५ हजार घेतले. ठरलं होतं १८ गेजचा पत्रा, सीओटू वेल्डिंग, आतून एपॉक्सी प्रायमर. दर आठवड्याला फोटो मागायचो, यायचे ते रात्री काढलेले, अंधारे. प्रत्यक्ष बघायला गेलो तेव्हा प्रायमर मारून झाला होता. प्रायमरखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही, म्हणून पत्र्याचे पैसे उघडा पत्रा दिवसाउजेडी बघितल्याशिवाय देऊ नयेत, मग भले त्यासाठी एक रजा टाकावी लागो. नंतर कराडच्या मिस्त्रीनं फ्लोअरच्या पाणी जायच्या भोकात जाडी मोजायचा व्हर्निअर लावला, पाऊण मिलिमीटरसुद्धा भरेना. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर असतो. हा २२ गेज निघाला, कूलरला वापरतात तसला, तोही जुन्या गंजक्या पत्र्यावरच ठेवून जागोजागी टाके मारलेले आणि वरून लांबी, खालून डांबरासारखं काळं अंडरकोटिंग. गंज आतच राहिला, एका पावसाळ्यात फुगून वर आला. वडिलांचा पाय ठेवायची जागा पहिली गेली.

इंजिनचे ६२ हजार. पिस्टन, लायनर, क्रँक ग्राइंडिंग (इंजिनचा मुख्य दांडा घासून सारखा करणं), नवीन शेल (तो दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंगचे पत्रे). जुने पार्ट दाखव म्हटलं तर "भंगारवाला घेऊन गेला". गाडी हातात आल्यावर तीन महिन्यांत ऑइल प्रेशर पडायला लागलं. कराडला इंजिनखालचा ऑइलचा चेंबर उतरवून शेल काढले, शेलच्या पाठीवर साइज मारलेला असतो, क्रँक घासला की तो बारीक होतो, म्हणून अंडरसाइज शेलच टाकावे लागतात. माझ्या इंजिनात स्टँडर्ड होते आणि झिजलेले होते. म्हणजे क्रँक घासलाच नव्हता, ग्राइंडिंगचं बिल कोऱ्या पावतीवर हातानं लिहिलेलं. तुम्ही काम द्याल तेव्हा पहिल्याच दिवशी सांगा की निघालेला प्रत्येक पार्ट मला पोत्यात भरून पाहिजे, मग तो निरुपयोगी का असेना. जो प्रामाणिक आहे त्याला याचा राग येत नाही, हे मला आता अनुभवानं माहीत आहे.

रंगाचे ४० हजार घेऊन नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी दिली. दहा महिने लागले, ठरले होते चार. वडील बसले, गावातून एक फेरी मारली, शेजारपाजारचे बघायला आले. तो दिवस खरंच चांगला होता आणि म्हणूनच मी काही तपासलं नाही. एक जॅक आणि दहा मिनिटं पुरली असती. मागच्या चाकांना दगडाची ओट लावायची, गाडी गिअरमध्ये, पुढची ओढ टाकलेली, पुढच्या चाकांना हब लॉक (चाक ॲक्सलला जोडायची-सोडायची कळ) असतील तर दोन्ही लॉक, आणि पुढचं एकच चाक उचलून हातानं फिरवायचं. फिरता कामा नये. मोकळं फिरलं तर पुढं काहीतरी जोडलेलं नाही.

जाब विचारायला गेलो तर तो म्हणाला, "तुमच्या गाडीला फोर बाय फोर नव्हतंच, मोकळा ॲक्सल होता." माझ्याकडं गाडी घेताना चढावर फोर बाय फोरमध्ये चालवल्याचा व्हिडिओ आहे, पण ॲक्सलच्या आतला फोटो कोणाकडं असतो? त्याच दिवशी त्याच्या दारात दुसरी एक जीप उभी होती, विकायला, "फुल्ल वर्किंग फोर बाय फोर" म्हणून. तिच्यात काय आहे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. पण ती बघून मी घरी येईपर्यंत कोणाशी बोललो नाही.

पोलिसांत अर्ज दिला, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक आयोगात जा असं सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन केला, तिथं नीट समजावून सांगितलं. अडचण पुराव्याची. २ लाख ९५ हजारांपैकी यूपीआयनं गेलेले १ लाख २७ हजार, तेवढेच मी दाखवू शकतो. बाकी १ लाख ६८ हजार कॅश, माझ्या डायरीत तारखेसकट आहेत पण त्याची सही कुठंच नाही. दुसऱ्यांचे हिशोब तपासतो मी, आणि स्वतःच्या पैशाची एक पावती घेतली नाही याचं मला फार वाईट वाटतं. कराडच्या मिस्त्रीनं शेल, व्हर्निअरचं माप, उघडा ॲक्सल याचं लेखी दिलंय, तेही जोडलंय.

आतापर्यंत परत १ लाख १० हजार गेले, ३८ पुढच्या ॲक्सलला, ४० फ्लोअरला, ३२ इंजिनला. या वेळी गाडी पूर्ण खोलली नाही. एका वेळी एकच काम, ते झालं की गाडी चालवत घरी, मग पुढचं. मिस्त्री स्वतःच म्हणाला की तुमच्यासारख्यांनी असंच करावं, महिन्याच्या पगारात बसतं आणि गाडी तुमच्याच दारात राहते. काढलेले शेल, पत्र्याचे तुकडे, सगळं गोठ्याशेजारच्या खोलीत पोत्यात आहे, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी. डिफरन्शियल बसवायच्या आधी त्याच्यावर सेंटर पंचनं माझी खूण मारून घेतली, फोटो काढले.

बांधाला परत गाडी घातली ती पुढच्या पावसात. वडिलांनीच लिव्हर टाकला.