जुनी फोर बाय फोर जीप घेताय? पुढचा-मागचा रेशो स्वतः मोजून घ्या

जुनी महिंद्रा जीप शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. गाडी सीजे थ्री बी, उंच बॉनेटची, हरिकेन पेट्रोल इंजिनची. दादानं साताऱ्याकडच्या शेतासाठी ती पुण्याजवळच्या एका गॅरेजवाल्याकडून घेतली आणि त्या माणसानं आम्हाला डोळ्यांदेखत फसवलं. 'सगळं ओरिजिनल आहे, पुढं-मागं 43-8,' असं तो छातीठोकपणे सांगत होता. मागच्या हौसिंगच्या (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या पेटीच्या) झाकणावर बोल्टखाली अडकवलेली पत्र्याची पट्टी त्यानं टॉर्च मारून दाखवली. तिच्यावर खरोखरच 43-8 होतं.

43-8 म्हणजे ॲक्सलमधल्या क्राऊनला (मोठ्या गिअरला) 43 दाते आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला (लहान गिअरला) 8. भागाकार 5.38, हाच रेशो. चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) पाच आणि वर एक तृतीयांशाहून जरा जास्त फेऱ्या होतात. महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला 39-8 होतं, म्हणजे 4.88. सीजे थ्री बीला 5.38. कमी आकड्यावर गाडी पळते, जास्त आकड्यावर ओढते. यातलं काहीही चालेल, पण पुढं आणि मागं एकच हवं. या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये (पुढच्या आणि मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीत) डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, नसतं. फोर बाय फोर टाकलं की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि त्यांना सारख्याच फेऱ्या माराव्या लागतात.

आमच्या गाडीला पुढं 5.38 होतं आणि मागं भंगारातला 4.88 चा संच बसवून वरून काळा रंग मारला होता. पट्टी तेवढी 43-8 ची लावली होती. ती धरणारा बोल्ट नवाकोरा आणि बाकीचे सगळे रंगाखाली बुजलेले, हे नंतर आमच्या मिस्त्रींनी दाखवलं.

ट्रायलला आम्ही फोर बाय फोर लावून बघायला मागितलं होतं. तो म्हणाला, 'साहेब, कोरड्या डांबरावर फोर बाय फोरची लिव्हर टाकायची नसते, ट्रान्स्फर खराब होतो.' हे शंभर टक्के खरं आहे, कुठलाही जाणता मिस्त्री हेच सांगेल. खऱ्या नियमाच्या आडून त्यानं खोटी गाडी विकली, याचा राग अजून जात नाही. शेजारीच कच्चं मैदान होतं, तिथं मात्र त्यानं गाडी नेऊ दिली नाही.

पहिली खूण घरी येतानाच दिसली. हायवेवर दहा किलोमीटरचे दगड मागे पडायचे तेव्हा मीटरवर जेमतेम नऊ भरायचे. फोनवर त्याचं उत्तर, 'केबल जुनी आहे, बदलून टाका.' केबल तुटली तर मीटर बंद पडेल, अडकत असेल तर काटा थरथरेल. दर दहाला बरोबर एक किलोमीटर ती कशी खाईल? जीपचा मीटर ट्रान्स्फर केसच्या मागच्या शाफ्टवरून चालतो. मागचा रेशो 5.38 चा 4.88 झाला की शाफ्टच्या फेऱ्या नऊ टक्क्यांच्या आसपास कमी होतात आणि मीटरही तेवढंच कमी दाखवतो. टायर मूळ मापाचेच, 6.00-16, असताना मीटर असा मागे पडत असेल तर संशय घ्या.

मग पाऊस सुरू झाला. बांधावरच्या चिखलातून गाडी फोर बाय फोरमध्ये निघाली, कारण चिखलात चाकं घसरून फरक जिरवतात. खळ्याच्या काँक्रीटवर आली आणि पाच-सात मीटरांत जड होत होत थांबली, मागचं चाक कर्रकन घासलं. लिव्हर दोन हातांनी ओढूनही सुटेना. गाडी थोडी रिव्हर्स घेतली तेव्हा ताण उतरला आणि खाडकन सुटली. रेशो सारखे असतील तर हा ताण मुख्यतः वळणावर येतो. आमची गाडी नाकासमोर सरळ चालत होती! हिशेब केला तर दहा मीटरांत दोन शाफ्टमध्ये दोनहून जास्त फेऱ्यांचा फरक पडतो. एवढा पीळ गिअरनी सोसायचा कुठे?

तपासायला फक्त जॅक आणि खडू लागतो. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रलला, लिव्हर टू व्हीलवर. या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवरच असतो, म्हणून तो सोडावा लागतो. आधी जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मागचं एकच चाक उचला. चाकावर आणि शाफ्टवर खडूनं रेघ मारा. चाक हातानं 20 वेळा फिरवा आणि दुसऱ्यानं शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्यानं, ॲक्सलमधल्या डिफरन्शियलमुळे, उचललेल्या चाकाच्या 20 फेऱ्या म्हणजे हिशेबाच्या 10. शाफ्ट पावणेचोपन्न फेऱ्या फिरला तर 5.38, पावणेएकोणपन्नास फिरला तर 4.88. मग पुढच्या एका चाकाला हेच करा. विकणारा चाकाला हात लावू देत नसेल तर तिथून निघा.

आमच्या मिस्त्रींनी झाकण उघडून दाते मोजले, 39 भरले. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घासून तयार केलेले असतात, म्हणून 43-8 ची जोडी सुटी न घेता एकत्रच शोधावी लागली. तो खर्च आणि शेतीच्या ऐन हंगामात उभी राहिलेली गाडी, दोन्ही आमच्याच माथी.

पैसे मागायला गेलो तेव्हा त्यानं पावती पुढं केली. तिच्यावर 'गाडी जशी आहे तशी' एवढंच लिहिलंय, रेशोचा उल्लेख नाही. तुम्ही घ्याल तेव्हा पुढचा आणि मागचा, दोन्ही आकडे पावतीवर त्याच्या सहीनिशी लिहून घ्या, आणि पट्टीचा फोटो काढताना तिच्या शेजारचे बोल्टही फोटोत येऊ द्या.