छोट्या कारखान्यासाठी ऑटोमेशन: झॅपियर, मेक, झोहो फ्लो की एन-एट-एन?

भोसरी असो, शिरोली असो की सातपूर, एमआयडीसीतल्या दहा-पंधरा माणसांच्या युनिटात कामाचा प्रवास साधारण सारखाच असतो. एन्क्वायरी मेलवर येते, कुणीतरी ती शीटमध्ये भरतं, कोटेशन जातं, पीओ (खरेदीची ऑर्डर) येते, बिल टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनतं आणि मग पैशांसाठी फोन सुरू होतात. यातलं भरणं, कळवणं आणि आठवण करून देणं सॉफ्टवेअरवर सोपवायचं ठरवलं, की झॅपियर, मेक, झोहो फ्लो आणि एन-एट-एन ही चार नावं हमखास पुढे येतात. एका ॲपमध्ये काही घडलं की दुसऱ्या ॲपमधलं काम आपोआप करणं, हे या चौघांचं काम.

बहुतेक जण कोणाला किती ॲप जोडता येतात ते आधी बघतात. त्यात झॅपियर सगळ्यांच्या पुढे आहे, हजारो ॲप आहेत. पण आपल्याला लागतात पाच-सहा, आणि ती चौघांकडेही मिळतात किंवा जोडता येतात. माझ्या मते निर्णय दोन गोष्टींवर व्हावा: हे सॉफ्टवेअर आपलं काम कसं मोजतं, आणि आपला डेटा कुठे बसलाय.

मोजणीचं उदाहरणच घेऊ. समजा दिवसाला ४० एन्क्वायरी येतात आणि महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे १,०४० एन्क्वायरी. प्रत्येकीवर चार कामं करायची आहेत: शीटमध्ये ओळ भरायची, सेल्सच्या माणसाला कळवायचं, ग्राहकाला पोच द्यायची आणि फॉलोअपची तारीख कॅलेंडरवर टाकायची.

झॅपियर पूर्ण झालेलं प्रत्येक काम एक टास्क धरतं. मेल आला हे ओळखण्याचे पैसे नाहीत, नको ते मेल गाळणाऱ्या मधल्या फिल्टरचेही नाहीत. हिशोब ४,१६० टास्कवर जातो. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क मिळतात, म्हणजे या वेगाने एक दिवससुद्धा निघणार नाही. झोहो फ्लोही कामाचे टास्कच मोजतो.

मेक म्हणजे पूर्वीचं इंटिग्रोमॅट. प्रागमध्ये सुरू झालेली ही कंपनी २०२० मध्ये सेलोनिस या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली आणि २०२२ मध्ये नाव बदललं. इथे प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे कामाची प्रत्येक पायरी, मोजली जाते, मेल वाचणारं पहिलं मॉड्यूलसुद्धा. त्यामुळे दर मेलला एक फेरी धरली तर आकडा ५,२०० होतो. त्यात एक खाच आहे. मेल आलाय का हे बघायला मेक दर १५ मिनिटांनी चालवलं, तर हाती काही नाही लागलं तरी ती फेरी मोजली जाते. रिकाम्या-भरल्या मिळून अशा फेऱ्या महिन्याला २,८८० होतात. वेळापत्रक सकाळी नऊ ते संध्याकाळी सातपर्यंतच ठेवलं की हा खर्च निम्म्याहून खाली येतो. तरीही एका मोजणीचा दर इतका कमी आहे की एकूण बिलात मेक झॅपियरपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

एन-एट-एन बर्लिनचं, २०१९ चं. त्यांच्या क्लाउडवर, म्हणजे त्यांच्याच सर्व्हरवर, संपूर्ण वर्कफ्लो (जोडलेल्या पायऱ्यांची साखळी) एकदा चालला की एक एक्झिक्युशन मोजतात, मग आत चार पायऱ्या असोत की चाळीस. आपल्या उदाहरणात जास्तीत जास्त १,०४०. आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवलं तर मोजणीच नाही. त्याचा परवाना पूर्ण मुक्त-स्रोत नाही हे लक्षात ठेवा. स्वतःच्या धंद्याच्या कामाला वापरायला तो खुशाल परवानगी देतो, पण तेच आपल्या सर्व्हरवर चालवून दुसऱ्यांना सेवा म्हणून विकता येत नाही.

आता डेटा. आपल्याकडे खरा हिशोब टॅलीत असतो, आणि टॅली असते अकाउंट्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये. टॅलीप्राइमला सर्व्हर म्हणून सुरू ठेवलं की ती ९००० नंबरच्या पोर्टवर (नेटवर्कवरून आत यायच्या दारावर) एक्सएमएल या मजकुराच्या साच्यात दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती देते. मात्र त्या मशीनवर टॅली उघडी असावी लागते. झॅपियर किंवा मेकसारख्या क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरला ऑफिसच्या नेटवर्कमधल्या या पोर्टपर्यंत थेट पोहोचता येत नाही, मधे आणखी काहीतरी बसवावं लागतं. त्याच नेटवर्कवरच्या एन-एट-एनला ते सरळ जमतं. मग त्याला असं काम लावता येतं: रोज सकाळी टॅलीतून येणी काढायची, ज्या बिलांना ३०, ४० आणि ४५ दिवस झालेत त्या पार्ट्यांना मेल पाठवायचा, आणि यादी मालकांच्या फोनवर टाकायची. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यामुळे चाळिसाव्या दिवशी बिल नंबर आणि तारखेसह गेलेल्या मेलला वजन असतं. छोट्या कारखान्यासाठी ऑटोमेशनचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो.

पण एन-एट-एन स्वतः बसवणं म्हणजे ते सांभाळणंही आलं. डॉकर, म्हणजे असं सॉफ्टवेअर बसवून चालवायचं साधन, कळणारा एक तरी माणूस हवा. अपडेट, बॅकअप, वीज गेल्यावर सगळं परत सुरू होतंय का, हे त्यानेच बघायचं. बॅकअप घेताना एन्क्रिप्शन की, म्हणजे साठवलेली गुपितं उघडणारी किल्ली, वेगळी जपून ठेवा. ती हरवली तर वर्कफ्लो परत मिळतील, पण त्यात साठवलेले पासवर्ड आणि खाती जोडणारे टोकन उघडणार नाहीत, सगळी खाती नव्याने जोडावी लागतील. असा माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका, कितीही स्वस्त वाटलं तरी.

बिघाड कळतो कसा, हेही विचारून घ्या. मेकमध्ये वेळापत्रकावरचं काम सलग चुकत राहिलं की ते आपोआप बंद होतं. झॅपियरही सतत चुकणारं काम बंद करून मेल टाकतं. तो मेल कुणाच्या इनबॉक्समध्ये जातो ते पहिल्याच दिवशी ठरवा. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या आयडीवर गेला तर पंधरा दिवस कुणाला पत्ता लागत नाही.

हिशोब टॅलीऐवजी झोहोच्याच झोहो बुक्समध्ये असेल, तर मात्र फार विचार करू नका, झोहो फ्लो घ्या. बुक्स, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) आणि मेल एकाच घरातले, त्यामुळे जोडणी कमी अडते. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्यांनी आधी मायक्रोसॉफ्टचंच याच कामाचं पॉवर ऑटोमेट बघावं, ॲप जोडणारे साधे कनेक्टर त्या वर्गणीतच येतात.

व्हॉट्सॲपचा खर्च या कुणाच्याच बिलात धरलेला नाही. आपण होऊन पाठवायच्या संदेशाचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा वेगळे घेते. शिवाय डॉलरमधल्या परदेशी वर्गणीवर जीएसटी नोंदणी असलेल्याला रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी स्वतःच, कर भरावा लागतो, सीएंना आधीच सांगा.

आणखी एक, जुन्या नोंदींबद्दल. ग्राहकांची नावं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर शीटमध्ये ती अगम्य अक्षरं होऊन उतरतील. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या, मग जोडणी करा.

टॅलीला हात लावायचाच नसेल आणि सगळं काम जीमेल, शीट आणि कॅलेंडरमध्येच चालत असेल, तर चौघांपैकी कुणालाही पैसे देण्याआधी गुगल ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे गुगलच्या ॲपमध्येच छोटा कोड लिहून काम आपोआप करायची सोय, वापरून बघा. ती फुकट आहे. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला १०० जणांपर्यंत मेल जातात आणि एका वेळी स्क्रिप्ट सहा मिनिटं चालते. दिवसाच्या ४० पोचपावत्यांना तेवढं पुरतं.