काशीला दोघंच जायचंय: स्लीपर की थ्री एसी? (गाडी लेट होणार हे धरूनच)

मामेबहीण आणि तिचा नवरा जानेवारीत काशीला जायचं म्हणतायत, आणि फोन करून एकच प्रश्न, ताई स्लीपर काढू की थ्री एसी. आम्ही दोघं मागच्या थंडीत जाताना स्लीपरने गेलो आणि येताना थ्री एसीने आलो, दोन्ही वेळा गाडी बेक्कार लेट, त्यामुळे दोन्हीची चव घेऊन झालीये. तिला तासभर फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी एक गोष्ट. लेट होईल का, हा प्रश्नच नाही. कल्याणहून भुसावळ, इटारसी, जबलपूर, सतना, माणिकपूर, प्रयागराज छिवकी करत वाराणसी म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या आसपास, टाइमटेबलमध्ये २६-२७ तास, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या टोकाला धुकं असतंच. प्रश्न हा की लेट कुठे होणार, गाडीत बसल्यावर की बसायच्या आधी. क्लास त्यावरून ठरवायचा असतो, हे आम्हाला दोन्ही तिकिटं काढून, दोन्ही प्रवास करून, घरी येऊन कपडे धुवायला टाकल्यावर कळलं.

पैशाचं पटकन सांगते. थ्री एसीला स्लीपरच्या साधारण अडीचपट लागतात, म्हणजे एका एसी तिकिटात दोघं स्लीपरने जाऊन वर चहा-भजी. टू एसी त्याच्याही पुढे, मधला बर्थ नाही आणि पडदे असतात, बजेट असेल तर प्रश्नच मिटला. फर्स्ट एसीत दोघांचा कूपे (दोन बर्थची बंद केबिन) असतो पण तो मागून मिळेलच असं नाही, चार्ट लागल्यावर कळतं, चारवाल्या केबिनमध्येही टाकतात. थ्री इकॉनॉमी थ्री एसीपेक्षा थोडी स्वस्त, एका डब्यात बर्थ जास्त कोंबलेले, माझ्या नवऱ्यासारखी सहा फुटी माणसं असतील तर सोडा.

आता जाताना. दुपारी कल्याणला चढलो, साइड लोअर आणि साइड अपर. हे मात्र क्लास कुठलाही घ्या, दोघंच असाल तर हेच मागा (हमी नसते, नशिबात असेल तर मिळतं). सहाच्या खणात गेलात की मिडलवाल्याचं गणित सुरू, रात्री १० ते सकाळी ६ तो बर्थ लावणार, कुणाला ९ लाच झोप येते, कुणी ८ वाजेपर्यंत उठत नाही आणि तुम्ही मान वाकवून बसायचं. साइडला दिवसभर समोरासमोर दोघंच, गुडघ्याला गुडघे, मध्ये खिडकी. तोटे आहेत, येणारा-जाणारा प्रत्येक जण पायाला धक्का देऊन जातो आणि खालचा बर्थ दोन सीट पाडून बनतो त्यामुळे मधली फट बरोब्बर कमरेत येते. नव्या डब्यांत त्यावर ओढून घ्यायची फळी असते म्हणे, आमच्यात नव्हती, मी सोलापुरी चादर दुमडून त्या खाचेत कोंबली आणि झोपले, जमलं.

कसाऱ्याला मागून इंजिनं लागली, घाट चढलो, नाशिकला चहा, भुसावळला रात्रीची धपाटी आणि केळी, सगळं वेळेत. नवरा म्हणाला, बघ, उगाच घाबरत होतीस. इटारसीनंतर थंडी सुरू झाली. स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण काही मिळत नाही हे माहीत होतं म्हणून दोन चादरी आणि एक ब्लँकेट घेतलेलं, पण खिडकीची काच खालपर्यंत बसत नव्हती, तिथून वारा असा यायचा की कानात कुणीतरी शिट्टी वाजवतंय. शेवटी त्याने पेपरच्या घड्या करून फटीत कोंबल्या. कानटोपी, पायमोजे आणि एक जुना पेपर, थंडीत स्लीपरने जाणार असाल तर हे तीन आयटम बॅगेत वरच ठेवा.

सतन्याला सकाळी गाडी फक्त ५० मिनिटं लेट होती. बाहेर पांढरं, प्लॅटफॉर्मचा पत्रासुद्धा दिसत नव्हता. मग माणिकपूरच्या पुढे जी थांबली ती थांबली. धुकं दहा-अकराला विरलं, ऊन पडलं, तरी हलेना, कारण पुढची लाईन रात्रभरात तुंबलेली असते, आणि एकदा तुमच्या गाडीची वेळ हुकली की वेळेत धावणाऱ्या गाड्या आधी काढतात, तुम्ही बाजूच्या लूप लाईनवर बसून त्यांना टाटा करायचं. लेट गाडी आणखी लेट होते ती अशी. दुपारी साडेतीनला पोचायचं होतं, पोचलो रात्री एकला.

म्हणजे साडेनऊ तास जास्तीचे, आणि ते सगळे गाडीत, शेवटच्या टोकाला, अंग आंबलेलं असताना. स्लीपरची खरी परीक्षा रात्री होत नाही, या जास्तीच्या दिवसात होते. दुपारपासून आसपास जाणारी मंडळी चढायला लागली, थोडं सरका बहनजी करत माझ्या साइड लोअरवर चार जण, त्यातली एक आजी तर माझ्या खांद्यावर झोपली (तिचा राग नाही आला, तिला बिचारीला उभं कुठे ठेवणार). संडासातलं पाणी संपलं. पाणी ठरावीक स्टेशनांवरच भरतात आणि वेळ लांबली की टाकी रिकामी, एसीतही हे होऊ शकतं पण स्लीपरमध्ये माणसंच इतकी वाढतात की लवकर होतं. दोन लिटरची एक बाटली फक्त त्यासाठी वेगळी ठेवा, पिण्याची वेगळी.

पण एक आहे. छिवकीच्या अलीकडे आउटरला (स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला) गाडी उभी, आणि शेतातून दोन पोरं पेरूची टोपली घेऊन पळत आली. तिकडचे थंडीतले पेरू, वरून पिवळट, आतून पांढरे, कागदाच्या पुडीत काळं मीठ. नवऱ्याने गजातून हात घालून पैसे दिले, पोराने तिथल्या तिथे पेरू चिरून मीठ भरून आत सरकवला, आजीलाही एक फोड दिली. अख्ख्या डब्याला कळत होतं गाडी का थांबलीये, कुणाला सिग्नल दिसत होता, कुणी रुळावर उतरून दात घासत होतं. लेट झाल्याचा वैताग असतोच, पण चाललंय काय ते दिसत असलं की तो निम्मा होतो.

येताना याच्या बरोब्बर उलट. एसीचं तिकीट, सकाळी साडेदहाची गाडी, वाराणसीहूनच सुटणारी. आणि सुटली संध्याकाळी पाचला. कारण साधं आहे, मुंबईकडून येणारीच गाडी झाडूनपुसून परत पाठवतात, ती रात्री धुक्यात अडकली की तुमची सुटणार कुठून. म्हणून परतीच्या आदल्या दिवशी तुमच्या गाडीचा नाही, तिकडून येणाऱ्या जोडीच्या गाडीचा नंबर टाकून स्टेटस बघा. आम्ही रात्री झोपताना बघितलं तर ती आधीच पाच तास मागे. मग सकाळी सामान हॉटेलवाल्याकडेच ठेवलं, घाटावर बसलो, कचोरी-जिलबी खाल्ली, परत बसलो. साडेसहा तास लेट, पण ते आमच्या ताब्यातले. आणि त्या साडेसहा तासांत एसीच्या जास्तीच्या पैशाचा एक रुपयाचाही उपयोग नाही, घाटावर सगळे एकाच क्लासचे.

बरं, सुटतानाच गाडी ३ तासांहून जास्त लेट असेल आणि जायचंच नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात, फक्त ऑनलाइन तिकिटाचा टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरायचा. हा नियम चढायच्या स्टेशनावरच्या लेटसाठी आहे. जाताना वाटेत साडेनऊ तास गेले त्याचे काही मिळत नाही.

एसीत रात्र मस्त गेली, खोटं कशाला बोलू. धुतलेल्या चादरी, ब्लँकेट, उशी, दिवे बंद झाले की शांत. पण सकाळी खंडव्यापासून पुढे गाडी व्यवस्थित धावत होती, बाहेर खानदेशातलं जानेवारीचं गोड ऊन, केळीच्या बागा, आणि आम्ही धुरकट काचेआड ब्लँकेट गुंडाळून बसलेलो, कारण आत कुणीतरी गारठा १८ वर ठेवल्यासारखा. नवरा दर तासाला दारात जाऊन उभा राहायचा. जेवण ऑनलाइन मागवलं होतं तेही लेटमुळे हुकलं, त्यामुळे लेट गाडीत दोन-तीन स्टेशनं आधी स्टेटस बघूनच ऑर्डर टाका. कल्याणला संध्याकाळी सातला उतरलो.

तर मामेबहिणीला सांगितलं ते हे. डिसेंबर-जानेवारी असेल तर जाताना थ्री एसी, येताना स्लीपर. जाताना लेट गाडीत काढायचाय, शेवटी काढायचाय, तेव्हा बंद डबा, कमी गर्दी, पांघरूण यांचे पैसे वसूल होतात. येताना लेट बहुतेक सुटायच्या आधीच होऊन जातो, पुढे थंडीची एक रात्र चादरींवर निघते, आणि दिवसा उघडी खिडकी. फेब्रुवारीअखेर किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर दोन्हीकडे स्लीपर, डोळे मिटून. मे महिन्यात दोन्हीकडे एसी, त्यात चर्चा नको. कुणाला कंबरेचा त्रास असेल किंवा रात्री तीनदा उठावं लागत असेल तर माझं काही ऐकू नका, सरळ टू एसी बघा.

तिकीट ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच काढा. तत्काळवर राहिलात तर एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला, म्हणजे एसी हुकलं तर तासाभराने दुसरा डाव आहे. आणि पोचायच्या दिवशी काहीही ठरवू नका, ना आरती, ना होडी. हॉटेलवाल्याला मात्र लेट कळवत राहा, आम्ही रात्री दीडला गल्लीत बॅगा ओढत गेलो तेव्हा तो बिचारा कांबळं पांघरून पायरीवर बसला होता.

तिने शेवटी विचारलं, मग एसीतून गंगेत नाणं कसं टाकायचं? वाराणसीच्या अलीकडे मालवीय पुलावरून गाडी जाते तेव्हा सगळे टाकतात. आम्ही जाताना रात्री एकला खिडकी वर करून, बोटं बधिर झालेली असताना टाकलं, धुक्यात खाली पाणीसुद्धा दिसलं नाही, लोखंडावर टण् वाजलं फक्त. तुम्ही येताना टाका, स्लीपरमधून, त्याच पुलावरून परत येते गाडी. चालतं, सासूबाईंना विचारून घेतलंय.