कॅलिफोर्नियाची एबी ५४० सवलत: फी खरंच कमी होते, पण कागद तीन टेबलांवर फिरतो

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीमध्ये, २०२५-२६ साली पहिल्या वर्षाला आलेल्या राज्यातल्या मुलाला ट्यूशन आणि विद्यापीठाची सामायिक फी मिळून वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर पडतात. राज्याबाहेरच्या मुलाला तेवढे पडतातच, वर ३७,६०२ डॉलरचा वेगळा अधिभार. चार वर्षांचा हिशेब केला तर नुसता अधिभारच दीड लाख डॉलरच्या घरात जातो. राहणं-जेवणं, पुस्तकं, विमा यात धरलेलं नाही.

हा अधिभार काढून टाकणारी सोय म्हणजे ‘असेंब्ली बिल ५४०’, सगळे तिला एबी ५४० म्हणतात. २००१ साली आलेला हा कायदा यूसी, कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांची स्थानिक कॉलेजं) या तिन्ही सरकारी व्यवस्थांत चालतो. इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेल्या मुलांनी राज्यातली फी भरावी की बाहेरची, यावर अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं भांडण चालू आहे. आमचं उत्तर ‘राज्यातली’ असं आहे. पण इथे तत्त्वापेक्षा ही सोय वापरायला कशी आहे, कुठे अडते आणि का अडते, ते जास्त पाहायचं आहे.

आधी रचना, कारण या सवलतीची खरी कारागिरी तिथेच आहे. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालाने बारावीपर्यंतचं सरकारी शिक्षण कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही खुलं केलं. कॉलेजबद्दल तो निकाल काहीच बोलत नाही. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला: बेकायदा राहणाऱ्याला ‘रहिवासी आहे’ एवढ्या आधारावर उच्च शिक्षणातला लाभ द्यायचा असेल, तर तोच लाभ कुठल्याही राज्यातल्या अमेरिकन नागरिकालाही द्यावा लागेल. कॅलिफोर्नियाने म्हणून रहिवासाचा शब्दच टाळला. मूल कुठे राहतं हे एबी ५४० विचारत नाही, कुठे शिकलं ते विचारतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर डोमिसाईलचा दाखला बाजूला ठेवून फक्त दहावी-बारावी कुठून केली ते पाहायचं. इथे तीन वर्षं हायस्कूल करून मग आईवडिलांबरोबर नेवाडाला गेलेला अमेरिकन नागरिकही याच सवलतीत बसतो, आणि अशा नागरिकांनी ती भरपूर वापरलेली आहे. याच मुद्द्यावर २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा एकमताने उचलून धरला.

टेक्सासचा कायदाही २००१ चाच, कॅलिफोर्नियाच्या थोडा आधीचा. तिथे मात्र अशा मुलांना सरळ ‘रहिवासी’ या वर्गात टाकलं होतं. ४ जून २०२५ ला केंद्र सरकारने टेक्सासवर दावा लावला, त्याच दिवशी राज्याच्या ॲटर्नी जनरलने हात वर केले आणि त्याच दिवशी न्यायाधीशांनी तरतूद कायमची रोखली. बाजू मांडायला कोणी उभंच राहिलं नाही, त्यामुळे टेक्सासकडे बोट दाखवून ‘आता सगळीकडेच संपलं’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फ्लोरिडाने आपली सवलत विधिमंडळातूनच रद्द केली, १ जुलै २०२५ पासून. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने कॅलिफोर्नियावरही दावा लावला. दावा लागला म्हणजे सवलत थांबली असं होत नाही, पण प्रत्येक सत्राआधी आपल्या कॅम्पसच्या रजिस्ट्रारचं पान बघून घ्यायची सवय ठेवावी.

आता अटी. कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये (नववी ते बारावी) तीन वर्षं पूर्णवेळ हजेरी ही नेहमीची वाट. वर्षं सलग असण्याची गरज नाही, एकाच शाळेतली असण्याचीही नाही. हायस्कूल लवकर उरकलेल्या मुलांसाठी दुसरी वाट आहे: तीन वर्षांचं हायस्कूलचं काम पूर्ण, आणि प्राथमिक-माध्यमिक मिळून राज्यात तीन वर्षं शाळा. या वाटेने जायचं तर मिडल स्कूलचे दाखलेही काढून ठेवा, कारण ऐन वेळी जुनी शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असते. २०१८ पासून ॲडल्ट स्कूल (प्रौढांसाठीची शाळा) आणि कम्युनिटी कॉलेजमधली वर्षंही धरतात. ॲडल्ट स्कूलमध्ये किंवा कॉलेजच्या विनाक्रेडिट (पदवीत न मोजल्या जाणाऱ्या) वर्गांत वर्षाला किमान ४२० तास, क्रेडिटच्या अभ्यासक्रमात वर्षाला २४ सेमिस्टर युनिटं म्हणजे एक पूर्णवेळ वर्ष. सोळाव्या-सतराव्या वर्षी आलेल्या मुलांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. विनाक्रेडिट इंग्रजीच्या वर्गांना ट्यूशन नसते, त्यामुळे बाहेरच्यांच्या दराने युनिटं विकत घेण्याआधी तास तिथे जमवणं शहाणपणाचं. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्याला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट.

वर्षांखेरीज हायस्कूलचा डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीची परीक्षा हवी. त्याऐवजी कम्युनिटी कॉलेजची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी चालते, किंवा यूसी-कॅल स्टेटला ट्रान्सफर होण्याच्या किमान अटी पूर्ण केलेल्या चालतात. शेवटी प्रतिज्ञापत्र, त्यात कागदपत्रं नसलेल्याने लिहून द्यायचं: कायदेशीर दर्जासाठी अर्ज केला आहे, किंवा पात्र होताच करीन. आज अर्ज करायला वाटच नसेल तरी सही करता येते, ‘पात्र होताच’ हे शब्द त्यासाठीच आहेत. उत्पन्नाची अट नाही. न्यूयॉर्कच्या नियमात हायस्कूल संपल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. तशी मुदत इथे नाही, तिशीत कॉलेजला परतणाऱ्यालाही सवलत मिळते, आणि पदव्युत्तर शिक्षणालाही लागू होते.

कागदावर हे सगळं सरळ दिसतं. प्रत्यक्षात प्रवेशाचा अर्ज एका टेबलावर, प्रतिज्ञापत्र दुसऱ्यावर आणि आर्थिक मदत तिसऱ्यावर असते, आणि ही तीन टेबलं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत.

यूसीच्या प्रवेश अर्जात नागरिकत्वाच्या रकान्यात ‘नो सिलेक्शन’ निवडायचं आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा (नोकरी आणि करासाठीचा केंद्राचा ओळख क्रमांक) रकाना रिकामा सोडायचा. घाबरून किंवा अंदाजाने इथे परदेशी विद्यार्थी म्हणून नोंद केली, की फाइल इंटरनॅशनल ऑफिसकडे जाते, तिथून आय-२० साठी (परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) बँकेचे पुरावे मागणारी पत्रं सुरू होतात आणि बिलावर अधिभार चढतो. ही चूक निस्तरायला महिना सहज जातो. खोटा किंवा दुसऱ्याचा सोशल सिक्युरिटी नंबर तर कधीच टाकू नये, त्याने फीपेक्षा मोठं संकट ओढवतं.

प्रतिज्ञापत्र दिलं म्हणजे काम झालं असं नाही. पात्र की अपात्र ते कॅम्पस ठरवतो, आणि त्यासाठी त्याला शाळेकडून आलेली, डिप्लोमाची तारीख छापलेली अंतिम गुणपत्रिका लागते. ती जुलैमध्ये पोचते, बिल ऑगस्टमध्ये निघतं. मधल्या काळात संगणकाच्या लेखी हे मूल बाहेरचंच असतं, म्हणून पहिलं बिल पूर्ण अधिभारासह येऊ शकतं. त्यावर कर्ज काढू नका आणि प्रवेशही सोडू नका. रजिस्ट्रारकडे पात्रतेची नोंद झाली का ते विचारा आणि निर्णय होईपर्यंत फीच्या मुदतीवर स्थगिती लेखी मागा. तोंडी ‘होऊन जाईल’ कामाचं नाही, मुदत चुकली की काही ठिकाणी निवडलेले वर्ग आपोआप रद्द होतात.

तिसरं टेबल मदतीचं. २०११ मध्ये आलेल्या दोन कायद्यांनी एबी ५४० च्या मुलांना राज्याची आणि विद्यापीठाची आर्थिक मदत खुली केली. तिचा अर्ज म्हणजे कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट ॲप्लिकेशन. तो कॅलिफोर्निया स्टुडंट एड कमिशनकडे जातो. फाफ्सा हा केंद्राचा अर्ज, तो कागदपत्रं नसलेल्या मुलांनी भरायचा नाही. ड्रीम ॲक्टचा अर्ज १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो, आणि कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानासाठी महत्त्वाची तारीख साधारण २ मार्च. कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

इथे सर्वात जास्त मुलं अडकतात ती नावात. कॅल ग्रँटसाठी शाळा मुलाचे ग्रेड परस्पर कमिशनला पाठवते. सोशल सिक्युरिटी नंबर नसल्यामुळे जुळणी नाव, जन्मतारीख आणि शाळेच्या ओळख क्रमांकावर होते. मराठी घरांत हे हमखास फिसकटतं: पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं, शाळेत ते गाळलेलं, प्रवेश अर्जात पुन्हा मधलं नाव म्हणून घातलेलं. एक मुलगा, तीन नावं. ग्रेड एका खात्यात आणि अर्ज दुसऱ्यात पडून राहतो, आणि कोणी कळवत नाही. उपाय सोपा आहे: शाळेच्या गुणपत्रिकेवर जसं आहे अक्षर न् अक्षर तसंच नाव सगळीकडे लिहा. अर्ज पाठवल्यावर कमिशनच्या वेबग्रँट्स पोर्टलवर खातं उघडून ग्रेड जोडले गेले का, कॉलेज बरोबर दिसतंय का, ते पाहा. जोडलेले नसतील तर शाळेच्या समुपदेशकाकडून मुदतीच्या आत दुरुस्ती करून घ्यावी लागते, तुम्ही स्वतः ती करू शकत नाही.

मदतीत कॅल ग्रँट, मिडल क्लास स्कॉलरशिप, विद्यापीठाची अनुदानं येतात. यूसी आणि कॅल स्टेटमध्ये ड्रीम लोनही आहे, वर्षाला ४ हजारांपर्यंत, एकूण २० हजार डॉलरची मर्यादा. केंद्राचं पेल ग्रँट हे अनुदान नाही, केंद्राचं कर्जही नाही. खासगी विद्यापीठात एबी ५४० ने फी कमी होत नाही, पण पात्र मुलाला कॅल ग्रँट तिथेही नेता येतं. ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

सवलतीची सर्वात मोठी उणीव कायद्याच्या बाहेर आहे. शिकताना आणि शिकून झाल्यावर काम करायला परवाना नाही. डाका म्हणजे लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी केंद्राची योजना. तिच्यासाठी १५ जून २००७ पासून अमेरिकेत सलग राहिलेलं असावं लागतं. आता हायस्कूलमधून बाहेर पडणारी मुलं त्या तारखेनंतर जन्मलेली किंवा आलेली, म्हणजे डाका त्यांच्यासाठी नाहीच. राज्याच्या २०१४ च्या कायद्यामुळे नर्सिंगसारख्या व्यवसायाचा परवाना सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय मिळू शकतो, पण परवाना हातात असूनही नोकरीवर ठेवायला मालकाला केंद्राच्या कायद्याची आडकाठी. कोर्स निवडताना हे लक्षात घ्या: पदवीसाठी पगारी इंटर्नशिप सक्तीची असेल, तर पर्याय काय ते विभागाला आधीच विचारा.

विरोधकांचा एक मुद्दा दमदार आहे. यूसीच्या जागा मर्यादित, राज्यातली फी करदात्यांच्या पैशाने स्वस्त, मग ॲरिझोनाच्या नागरिकाने तिपटीहून जास्त का भरायची? पण त्या नागरिकाने इथे तीन वर्षं शिकलेलं असतं तर त्यालाही हाच दर मिळाला असता. ज्या मुलावर राज्याने शाळेची वर्षंच्या वर्षं पैसे घातले, त्याला बारावीनंतर अधिभार लावून घरी बसवण्यात करदात्याचाही फायदा नाही. खुद्द ॲरिझोनाच्या मतदारांनी २०२२ मध्ये कौल घेऊन अशा मुलांना राज्यातली फी दिली, अट दोन वर्षं हायस्कूलची.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. वैध नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असलेल्याला एबी ५४० मिळत नाही, टी आणि यू व्हिसा (मानवी तस्करीच्या आणि गुन्ह्यांच्या बळींसाठीचे) हे अपवाद. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजेतल्या किती तरी मराठी घरांतली मुलं एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाढलेली आहेत. त्यांनी हे प्रतिज्ञापत्र भरू नये, त्यांची वाट वेगळी: आईवडिलांच्या आधारावर रहिवासी ठरण्याची. त्यासाठी सत्राआधी ३६६ दिवसांचं वास्तव्य आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे लागतात, म्हणजे राज्याचा आयकर, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि ग्रीन कार्ड आलं नाही की एच-४ संपतो, आणि बहुतेक मुलं एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जातात. एफ-१ वर नव्याने रहिवासी ठरता येत नाही आणि व्हिसा वैध म्हणून एबी ५४० ही नाही. दहा-बारा वर्षं इथल्या शाळेत काढलेल्या, कधी नियम न मोडलेल्या मुलाला दर्जा असल्यामुळेच दार बंद होतं. कायद्यातली ही फट बुजवायला हवी. तोवर व्हिसा बदलण्याचा अर्ज टाकण्याआधी कॅम्पसवर रहिवासाचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याकडून, यूसीत त्याला रेसिडेन्स डेप्युटी म्हणतात, उरलेल्या सत्रांची फी कोणत्या दराने लागेल ते ईमेलवर घ्या.

कम्युनिटी कॉलेजमधून यूसी किंवा कॅल स्टेटला जाणाऱ्यांनी आधीच्या कॉलेजने मान्य केलेली पात्रता आपोआप पुढे येईल असं समजू नये. नवा कॅम्पस स्वतः तपासतो. प्रतिज्ञापत्र पुन्हा द्या आणि हायस्कूलची गुणपत्रिकाही पुन्हा मागवा. ट्रान्सफरच्या वेळी फक्त कॉलेजची गुणपत्रिका पाठवून मोकळे होणाऱ्यांच्याच पहिल्या बिलावर अधिभार दिसतो.