टर्बो गाडी, विदर्भाचा उन्हाळा आणि कूलंटचा खरा आकडा : ओबीडी अडॅप्टर वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या वर्षीच्या मार्चपासून गाडीत ब्लूटूथचं ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून फिरतोय. दोन उन्हाळे आणि मधला कापसाचा हंगाम झाला, म्हणून आता सविस्तर लिहितो. गाडी म्हणजे एक लिटरचं टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) पेट्रोल इंजिन असलेली स्पोर्ट हॅच, सेकंड हँड घेतलेली. आम्ही राहतो धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यात. मे महिन्यात इकडे पारा ४५-४६ ला टेकतो. टर्बो गाडी घेतली म्हटल्यावर भेटेल तो एकच विचारतो, "गरम नाही होत का बावा?" याचं खरं उत्तर द्यायचं तर डॅशबोर्डवरचा काटा कामाचा नाही, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा आकडा डोळ्यांसमोर पाहिजे. त्यासाठीच हे यंत्र घेतलं, आणि त्या एका कामासाठी ते मला अतिशय आवडलं आहे.

काट्याचं कारण सांगतो. कित्येक गाड्यांत टेंपरेचरचा काटा मुद्दाम मधोमध बांधून ठेवलेला असतो. आत कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा जागचा हलत नाही. ग्राहकाने उगाच घाबरून सर्व्हिस सेंटर गाठू नये म्हणून ही सोय. काही गाड्यांत तर काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि हाताबाहेर गेल्यावर लाल. लाल दिवा लागेपर्यंत बऱ्याचदा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

अडॅप्टर बसवणं अगदी सोपं. स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वर सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं आणि मोबाइलवरच्या ॲपशी जोडायचं. गाडीचा कॉम्प्युटर तेल किंवा गिअरबॉक्सचं तापमान देईलच असं नाही, पण कूलंटचं तापमान जवळपास प्रत्येक गाडी देते. हा आकडा उणे ४० पासून मोजला जातो. त्यामुळे स्क्रीनवर अचानक उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर सुटली असण्याची शक्यता आधी तपासावी.

आता निरोगी गाडीत काय दिसतं ते. सकाळी गाडी सुरू केली की आकडा भराभर चढतो, कारण थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडून कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बंद असतो आणि कूलंट इंजिनातच फिरत राहतं. माझ्या गाडीत ८८च्या आसपास थर्मोस्टॅट उघडायला लागतो आणि चढण मंदावते. मग समृद्धीवर चढलो आणि १००-११० चा वेग धरला की आकडा ८९ ते ९२ मध्ये बसून राहतो. भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, एसी लावून, चार माणसं बसवूनसुद्धा. पहिल्यांदा मला हे खरंच वाटलं नव्हतं. पण साधारण ५०-६० च्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटरला (कूलंट गार करणाऱ्या पुढच्या जाळीला) पुरतो, फॅनची गरजही पडत नाही.

गाडीची खरी परीक्षा हळू चालण्यात आहे. हंगामात जिनिंगच्या रस्त्याला कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. दहाच्या वेगाने सरकायचं, थांबायचं, परत सरकायचं. तिथे आकडा ९० वरून एकेक करत वर जातो, ९४, ९५, ९६. सत्त्याण्णवला समोरून घर्रर्र आवाज येतो, फॅन सुरू. मिनिटभरात ९२, फॅन बंद. परत चढण. हे चक्र मी रांगेत बसल्याबसल्या मन लावून पाहिलं आहे आणि माझ्या मते या यंत्राची निम्मी किंमत तिथेच वसूल होते. फॅन लागला म्हणजे गाडी तापली, असं आपल्याकडे धरलं जातं. फॅन लागला म्हणजे सेन्सर, वायर, रिले, मोटर सगळं जागेवर आहे. ९७ ला फॅन लागून आकडा खाली येतोय तोवर निर्धास्त बसावं. फॅन फिरत असूनही आकडा चढतच राहिला, तर मात्र गाडी बाजूला घ्यावी.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट दिसली. रांगेत उभं असताना एसी लावला तर आकडा ९३ च्या पुढे जात नाही. एसी बंद केला की ९७ पर्यंत चढतो. कारण सरळ आहे. एसीचा कंडेन्सर (एसीतली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यात असतो आणि त्याच्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर रेडिएटरचा फॅन आधीपासूनच कमी वेगात फिरवत ठेवतो. इंजिनवर एसीचा भार पडतो हे खरं, पण फॅन सतत चालल्याने उभ्या गाडीत तो भरून निघतो. घाटात जोर लागत असताना एसी बंद करण्याचा फायदा होतो. गावातल्या गर्दीत उन्हाने भाजून घेत एसी बंद करण्याचा काही उपयोग नाही, निदान माझ्या गाडीत तरी.

विदर्भाच्या उन्हाचा नेमका फरक किती पडतो, याचा हिशेब मी करून पाहिला. रेडिएटर उष्णता टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्यातल्या फरकावर. कूलंट ९५ आणि बाहेर डिसेंबरातले २५, तर फरक ७० अंशांचा. तेच कूलंट ९५ आणि नवतपातले (मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतले) ४६, तर फरक उरतो ४९. म्हणजे तोच रेडिएटर, तोच वारा, आणि ताकद तीस टक्क्यांनी कमी. गाडी बनवणारे ही तीस टक्के सूट हिशेबात धरतात, म्हणून नवी गाडी आपल्याकडे उकळत नाही. पण जाळीत कचरा, जुनं कूलंट, दमलेला फॅन यातलं काहीही त्यात भरीस पडलं की जी गाडी पुण्यात वर्षानुवर्षं गुमान चालली असती, ती इकडे मे महिन्यात दगा देते.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना या आकड्यांचा सगळ्यात चांगला अभ्यास होतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. घाटात वेग कमी, गिअर खालचा, टर्बो पूर्ण जोरात. म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा तुटपुंजा. तिथे माझ्या गाडीने १०२-१०३ दाखवलं आहे, फॅन मोठ्या वेगात गेला आहे, आणि सपाटीचा तुकडा आला की आकडा परत नव्वदीत. शंभरच्या वर आकडा गेला म्हणून सोबतचे घाबरतात, पाणी शंभरला उकळतं ना! पण बंद कूलिंग सिस्टीम प्रेशर कुकरसारखी असते. रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बारचा जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाला साधं पाणीही १२० च्या आसपास उकळतं, आणि निम्मं ग्लायकॉल हे रसायन घातलेलं कूलंट त्याच्याही वर. म्हणून १०३ ला काही होत नाही, अट एकच, झाकणाचं रबर शाबूत पाहिजे आणि कूलंट पुरतं पाहिजे. आणि म्हणूनच गरम गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं सगळं त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

वर पोचल्यावर आणखी एक दिसतं. इंजिन बंद करून इग्निशन चालू ठेवलं तर आकडा खाली येण्याऐवजी चार-पाच अंश वर चढतो. पंप थांबलेला, धातूत साठलेली उष्णता मात्र कूलंटमध्ये उतरतच असते. त्यामुळे काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही फॅन फिरतो. टर्बो गाडीत याला जास्त महत्त्व, कारण टर्बोच्या दांड्याजवळचं तेल तिथल्या तिथे शिजतं. शेवटचा किलोमीटर नरम चालवायचा आणि थांबल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन आयडलवर ठेवायचं, ही सवय मी आकडे बघूनच लावून घेतली.

आता ज्या कामामुळे हे यंत्र माझ्याकडे कायमचं राहिलं ते सांगतो. या मार्चमध्ये रांगेतलं चक्र बदललं. फॅन ९७ ला लागायचा, तो लागेना. आकडा १०४-१०५ पर्यंत जायचा, मग फॅन एकदम पूर्ण वेगात सुटायचा आणि आकडा झपकन खाली. त्याच दिवसांत उभ्या गाडीत एसीचा गारवा मरायचा आणि गाडी पळाली की परत यायचा. डॅशबोर्डवर काहीच नाही, ना दिवा ना काटा. तालुक्याच्या मिस्त्रीकडे गेलो तर तो म्हणाला, "भाऊ, फॅन त फिरून राह्यला ना. मंग काहाची भीती?" मी त्याला मोबाइल दाखवला. एसी लावला, फॅन हलला नाही. १०५ ला सुटला. मग त्याच्याही लक्षात आलं. फॅनला दोन वेग असतात, आणि अनेक गाड्यांत कमी वेगासाठी मोटरच्या आधी एक रेझिस्टर (करंट कमी करणारा छोटा भाग) असतो. तो जळला की कमी वेग गेला, मोठा वेग शाबूत. मोटर बदलायची गरज नव्हती, पूर्ण असेंब्लीची तर नव्हतीच. नुसता रेझिस्टर बदलला आणि चक्र परत ९७-९२ वर आलं. हा दोष मार्चमध्ये सापडला. मे महिन्यात सापडला असता तर फॅनच्या मोठ्या वेगावरच सगळा भार आला असता, आणि तोही बसला असता तर थेट हेड गास्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलं असतं.

त्याच मिस्त्रीने जाताजाता एक सल्ला दिला जो आपल्या भागात सर्रास देतात: "थर्मोस्टॅट काढून टाकू काय? इकडच्या उन्हात काय काम त्याचं?" हात जोडून सांगतो, हे करू नका. थर्मोस्टॅट काढला की इंजिन वेळेवर तापत नाही. तापलं नाही की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, तेलात पेट्रोल उतरतं, ॲव्हरेज पडतं, आणि शेवटी चेक इंजिनचा दिवा लागून कोड येतो पी०१२८, म्हणजे कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचत नाही. तापलेल्या गाडीला त्याने थोडा वेळ आराम पडतो आणि मूळ दोष झाकला जातो. तसंच कूलंटच्या जागी बोअरचं पाणी. आमच्याकडचं पाणी क्षाराचं, कूलरच्या जाळीवर महिन्याभरात पांढरा थर धरतो. तोच थर रेडिएटरच्या केसाएवढ्या नळ्यांत बसतो आणि मग कोणताही फॅन काही करू शकत नाही. वाटेत नाइलाज झाला तर पाणी घाला, पण घरी आल्यावर काढून ठरलेलं कूलंट भरा.

जाळीचं मी वेगळं सांगतो, कारण शहरातल्या माणसाला हे कळणार नाही. सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्यावर भुसा उडतो, नंतर कापसाची रुई. हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च लावून फटीत पाहिलं तर करड्या रंगाची गादी तयार झालेली असते. दिवाळीनंतर मी ती साफ करून घेतली, आणि घाटातला आकडा दोन-तीन अंशांनी उतरला. पाणी साध्या दाबाने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूला मारायचं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे आडवे होतात आणि वारा कायमचा अडतो.

आमच्या शेजाऱ्यांच्या वावरात आयशरचा जुना ट्रॅक्टर आहे, हवेवर थंड होणारा. रेडिएटर नाही, कूलंट नाही, नुसता पंखा आणि इंजिनाच्या पाकळ्या. हीच रीत पोर्शे ९११ ने १९६० च्या दशकापासून १९९८ पर्यंत चालवली. मग त्यांनीही पाण्याची वाट धरली, कारण जास्त ताकद आणि धुराचे नवे नियम हवेवरच्या इंजिनला झेपेनात. ताकद वाढली की उष्णता वाढते. पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा कूलंटमध्ये उतरतो, तो कुठेतरी टाकावाच लागतो. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून लिहिली.

यंत्राच्या उणिवाही आहेत. सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी बंद असली तरी. आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. स्वस्तातली अडॅप्टर मधेच जोडणी सोडतात, माझं पहिलं तसंच निघालं, दुसरं जरा महाग घेतलं ते टिकलं आहे. उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल स्वतःच तापून बंद पडतो, म्हणून तो एसीच्या झरोक्यापुढे लावावा. माझ्या गाडीत तेलाचं तापमान दिसत नाही, आणि तेल कूलंटपेक्षा बरंच उशिरा तापतं. त्यामुळे कूलंट ९० दाखवत असलं तरी पुढचे काही किलोमीटर मी इंजिन वर ओढत नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी: कूलंट इतकं उतरलं की सेन्सर उघडा पडला, तर आकडा खोटा, कमी दाखवतो. आकडा अचानक पडला आणि हीटरमधून थंड हवा येऊ लागली तर गाडी लगेच बंद करा.

घ्यायचं असेल तर अँड्रॉइडवाल्यांनी साधं ब्लूटूथ, आयफोनवाल्यांनी ब्लूटूथ ४.० किंवा वायफायचं घ्यावं, कारण साधं ब्लूटूथ आयफोनला जोडत नाही. ॲपमध्ये कूलंट, बाहेरून आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज एवढे तीनच आकडे मोठ्या अक्षरात लावा. फॅन लागला की व्होल्टेज किंचित खाली येतो, म्हणजे काचा बंद असतानाही फॅन कधी लागला ते कळतं. पहिले काही दिवस आपल्या गाडीचा फॅन कितीला लागतो आणि कितीला बंद होतो ते लिहून ठेवा, ते दोन आकडे मिस्त्रीला दाखवायला फार कामी येतात.