ग्लुकोमीटर, दुसऱ्या पावसाळ्यानंतर : मशीन बरं आहे, पण ती ‘सरासरी’ काढून टाका

स्क्रीन केवढी, थेंब किती लागतो, किती सेकंदांत आकडा येतो, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं. ते परत लिहीत बसत नाही. कंपनीचं नावही घेत नाही, कारण माझी मुख्य तक्रार बऱ्याच मशीनना लागू पडेल. तक्रार आहे ‘अ‍ॅव्हरेज’ दाखवणाऱ्या बटणाची.

आमच्या ह्यांना साखर आहे, गोळ्या चालू आहेत. मशीन आल्यापासून रोजचा उद्योग म्हणजे बटण दाबून तीस दिवसांची सरासरी बघायची आणि मला ऐकवायची. “बघ, १२८!” शेजारच्या काकांना १२८, फोनवर पुण्याच्या मुलाला १२८. आणि जूनमध्ये तीन महिन्यांची साखर तपासली तर एचबीएवनसी ७.९! रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात अंदाजे सरासरी ग्लुकोज दिलेलं : १८०. कुठे १२८ आणि कुठे १८०. ह्यांचं म्हणणं, लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली.

ते १८० लॅबने मनाने घातलेलं नसतं. ७.९ ला २८.७ ने गुणायचं, ४६.७ वजा करायचे, की झालं. वाणसामानाच्या यादीमागे मीच करून पाहिलं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात रक्तात फिरणारी साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणजे दुपारचा भात, लग्नातली जिलबी, सगळं त्या आकड्यात धरलेलं. मशीन धरतं फक्त बोट टोचलेल्या वेळा. आणि हे टोचणार कधी? सकाळी उपाशीपोटी, तेही आदल्या रात्री बेताचं जेवण झालं असेल तर. घरात पुरणपोळी झाली की दुसऱ्या दिवशी “पट्ट्या जरा जपून वापरायला हव्यात.”

पट्टी वीसेक रुपयांना पडते, हे खरंच आहे, जपून वापरायलाच हव्यात. पण मग ती सरासरी एवढ्या ठसठशीत अक्षरांत दाखवता कशाला? याच किमतीच्या दुसऱ्या मशीनमध्ये सफरचंदाचं चित्र असतं : अख्खं म्हणजे जेवणाआधी, खाल्लेलं म्हणजे जेवणानंतर. दोन्हींची सरासरी वेगवेगळी निघते. आमच्यात ते नाही. एका सफरचंदाने कंपनीचं काय दिवाळं निघालं असतं? एक स्टार इथेच कापला.

आता मशीनच्या बाजूनेही लिहिते, कारण खोटं बोलायचं नाही. आकडा चुकतो म्हणून मी याच्यावर आधी फार डाफरले होते. एका सकाळी उपाशीपोटीच लॅबची १३१ आली आणि घरी त्याच वेळी १४४. डॉक्टर म्हणाले, हे चालतं. या मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ अंक इकडेतिकडे धरतात, तेही शंभरातल्या ९५ वेळा. म्हणजे १३१ चे १५० दिसले तरी मशीन पास. तुलना करायची तर उपाशीपोटीच करायची, कारण जेवल्यावर बोटातलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच साखर दाखवतं. तेव्हा १३८ चे १४२ झाले म्हणून सकाळी सकाळी तोंड पाडून बसायचं कारण नाही.

हात मात्र धुवाच. मे महिन्यात ह्यांनी घरभरासाठी आंबे चिरले आणि तसंच बोट पुढे केलं : २८६. मुलगा फोनवर डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला. साबणाने हात धुऊन, कोरडे पुसून दुसरं बोट टोचलं, तर १४८. रस बोटावरचा होता.

आणि एका दुपारी जेवायला उशीर झाला, ह्यांना दरदरून घाम, हात थरथरत होते. मशीनवर ६२. ७० च्या खाली म्हणजे कमीच. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत पाहिलं, ९४. त्या दिवशी मशीनचे पैसे वसूल झाले. कापलेला स्टार परत देणार होते, पण संध्याकाळीच ह्यांनी ते ६२ धरून नवी सरासरी ऐकवली, आणि ती आणखी खाली आलेली!

सरासरीच्या नादातून सुटका डॉक्टरांनी केली. म्हणाले, पट्ट्या तेवढ्याच वापरा, पण जोडीने. एका दिवशी नाश्त्याआधी आणि दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण, मग रात्रीचं. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, आंचवल्यावर नाही. ह्यांच्यासाठी त्यांनी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं सांगितलंय. वय आणि गोळ्यांप्रमाणे हे बदलतं, तुमचं तुम्ही विचारा. वहीत लिहायला लागलो तशी भानगड कळली. ज्वारीची भाकरी आणि उसळ : ११८ चे १५६. एकादशीची साबुदाण्याची खिचडी : १२१ चे २४३. “उपास होता,” म्हणे.

कस्टमर केअरबद्दल थोडक्यात, कारण आठवलं की माझंच बीपी वाढतं. आम्ही चिपळूणचे. जुलैत पट्टी घातली की नुसतं एरर. बाई म्हणाल्या, पट्ट्यांचं बिल, बॅच नंबर, डबीचा फोटो पाठवा. पाठवलं. मग म्हणाल्या, डबी उघडून तीन महिने झाले असतील तर आमची जबाबदारी नाही. हे लेबलवर आहे म्हणे. आहे खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. पट्ट्यांना दमट हवा चालत नाही, डबीच्या आत ओल शोषणारं असतं आणि झाकण लगेच घट्ट लावायचं असतं. आमचे हे मात्र झाकण उघडं टाकून चष्मा शोधायला जातात. कंपनीने शेवटी मशीन बदलून दिलं, पट्ट्या नाहीत. मशीन द्यायला त्यांचं काय जातं, कमाई सगळी पट्ट्यांतच आहे.

हिशेब सांगते. पन्नासची डबी पट्टीमागे स्वस्त पडते म्हणून मेडिकलवाला तीच गळ्यात मारतो. आमच्या वापराने ती तीन महिन्यांत संपत नाही, उरलेल्या वाया जातात. त्यामुळे जून ते सप्टेंबर पंचवीसचीच घ्या, आणि उघडली की लगेच डबीवर मार्करने तारीख टाका. तीन स्टार.