ऑफलाइन नोंदी एकत्र करायच्या आहेत: काउचडीबी की एसक्यूलाइट?

सर्वेक्षक दिवसभर रेंज नसलेल्या गावांत टॅबलेटवर घरोघरची माहिती भरतात आणि संध्याकाळी सगळ्यांचा डेटा एका सर्व्हरवर चढतो. अशा कामासाठी डेटाबेस निवडताना एकाच घराची नोंद दोघांनी बदलली तर काय होतं, हे सगळ्यात आधी बघा.

समजा एकाने मोबाइल नंबर बदलला आणि दुसऱ्याने घरातली माणसं पाचाची सहा केली. काउचडीबी अख्खं डॉक्युमेंट, म्हणजे घराची पूर्ण नोंद, एक धरतो, म्हणून इथे कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) होतो. त्यातली एक आवृत्ती तो स्वतःच्या नियमाने पुढे ठेवतो. दुसरी पुसत नाही, पण मागितल्याशिवाय दाखवतही नाही. मोबाइल नंबरवाली आवृत्ती पुढे आली, तर सहाचा आकडा सर्व्हरवर असूनही रिपोर्टमध्ये पाचच छापले जातात. मला हे फार धोक्याचं वाटतं. कॉन्फ्लिक्ट शोधून मिटवणारा कोड सुरुवातीपासून लिहिणार नसाल, तर या वाटेला जाऊ नका.

एसक्यूलाइटचं सेशन एक्स्टेन्शन (बदल टिपणारी जोड) बदललेल्या कॉलमचीच जुनी-नवी व्हॅल्यू चेंजसेटमध्ये, म्हणजे बदलांच्या गठ्ठ्यात, ठेवतं. त्यामुळे वरचे दोन्ही बदल न भांडता बसतात. दोघांनी एकच कॉलम बदलला असेल तर जुनी व्हॅल्यू जुळत नाही आणि तुमचं फंक्शन बोलावलं जातं: बदल सोडायचा, वर लिहायचा की सगळंच थांबवायचं, ते तुम्ही ठरवायचं. टेबलला प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) मात्र हवीच, आणि तीही यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या टॅबलेटवर पुन्हा न पडणारा लांब ओळख-क्रमांक. ऑटोइन्क्रिमेंट (आपोआप वाढत जाणारा नंबर) ठेवलंत तर दोन टॅबलेटवर दोन वेगळ्या घरांना 101 हाच नंबर पडेल, आणि वर लिहायचं ठरवलंत की एक घर गायब.

पाठवणी-पोचवणीत मात्र काउचडीबी सरस. टॅबलेटवर पाउचडीबी (काउचडीबीशी जुळणारा, टॅबलेटवर चालणारा डेटाबेस) असेल तर तुटलेलं रेप्लिकेशन, म्हणजे डेटाची देवाणघेवाण, थांबलं तिथून पुढे चालू होतं. एसक्यूलाइटमध्ये ते सगळं तुम्हाला लिहावं लागतं. शिवाय चेंजसेट एसक्यूलाइटवरच लागू होतो. सर्व्हरवर पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस असेल तर तेही काम तुमच्याच अंगावर.

टॅबलेटच्या घड्याळावरून शेवटचा बदल खरा धरण्याची पद्धत दोन्हीकडे टाळा. एका टॅबलेटची तारीख पुढे गेली की त्याच्या जुन्या नोंदी इतरांच्या ताज्या नोंदींवर बसतात.

फॉर्म सुटे आणि नेट तुटक असेल तर मी काउचडीबी घेईन. टेबलं एकमेकांत गुंतलेली आणि आकड्यांवर पैसे ठरणार असतील, तर एसक्यूलाइट. एकच घर दोघांनी नव्याने नोंदवलं, तर दोन यूयूआयडी तयार होतात आणि कॉन्फ्लिक्ट कुठेच दिसत नाही. त्यासाठी सारखं नाव आणि सारखा पत्ता असलेल्या नोंदींची यादी पर्यवेक्षकाच्या हातात रोज द्यावी लागते.